प्रोग्रामिंग पुस्तकातून शिकायचं की ऑनलाइन? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर रविवारी सकाळी सांगलीत विश्रामबागेत आम्ही दहा-बारा जण प्रोग्रामिंग शिकायला आणि शिकवायला बसतो. बहुतेक कॉलेजची पोरं असतात, मिरजेहून एक शिक्षिका येतात, बँकेतून निवृत्त झालेले एक काकाही नेमाने येतात. मी पुण्यात अकरा वर्षं सॉफ्टवेअरचं काम केलं आणि आता सांगलीतून करते. आठवडाभर व्हॉट्सअ‍ॅपवर प्रश्न येत राहतात आणि त्यातले निम्मे आधी कुणीतरी विचारलेले असतात. म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. प्रश्न विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. उत्तराचा एखादा भाग दुसरीकडे आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. ताई, पुस्तक विकत घेऊ की यूट्यूबवरच शिकू?

पहिलीच भाषा शिकत असाल तर एक पुस्तक घ्या आणि ते संपेपर्यंत सोडू नका. नवीन माणसाला आपल्याला काय येत नाही हेच ठाऊक नसतं, मग शोधणार काय? पुस्तक लिहिणाऱ्याने आधी काय आणि नंतर काय हा विचार केलेला असतो. व्हेरिएबल (किंमत ठेवायची, नाव दिलेली जागा) कळल्याशिवाय लूप (तीच कृती पुन्हा पुन्हा करणं) येत नाही, लूप पक्का झाल्याशिवाय अ‍ॅरेचं, म्हणजे एका नावाखाली रांगेत ठेवलेल्या किमतींचं, गणित बसत नाही. यूट्यूबवर एक व्हिडिओ संपला की शेजारी दिसणारा दुसरा तुमच्या पायरीचा असेलच असं नाही.

पहिल्यापासून शेवटपर्यंत क्रमाने लावलेला, प्रत्येक धड्यानंतर सोडवायला गणितं देणारा ऑनलाइन कोर्स मिळाला तर तो पुस्तकासारखाच धरा. दुसरी-तिसरी भाषा शिकताना मात्र पुस्तकाची गरज कमी होते. क्रम डोक्यात बसलेला असतो, फक्त नवी मांडणी बघायची असते, आणि त्याला ऑनलाइन माहिती पुरते.

२. सुरुवात कुठल्या भाषेने करू? सी, जावा की पायथन?

कॉलेजला सी असेल तर सी, नसेल तर पायथन. यावर महिनाभर चर्चा करणारी मुलं मी पाहिली आहेत. तेवढ्या वेळात अर्धं पुस्तक होतं.

३. व्हिडिओ बघताना सगळं समजतं, स्वतः लिहायला बसलो की काहीच सुचत नाही. असं का होतं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि विचारणाऱ्याच्या आवाजात थोडी लाज असते. लाज वाटायचं काही कारण नाही. व्हिडिओतला माणूस अडखळत नाही, कारण तो कुठे अडखळला ते कापून टाकलेलं असतं. तुम्ही त्याच्या मागून जाता आणि रस्ता पाठ झाल्यासारखं वाटतं. प्रोग्राम लिहिताना वळणावर कुठे जायचं हे ठरवायचं असतं, आणि ते ठरवण्याचं काम व्हिडिओत तुमच्या वाट्याला आलेलंच नसतं.

आमच्याकडचं एक उदाहरण सांगते. पावसाळ्यात सांगलीत सगळ्यांचं लक्ष आयर्विन पुलाकडे असतं. कृष्णेचं पाणी तिथे ४० फुटांवर गेलं की इशारा पातळी, ४५ वर धोका पातळी. इफ-एल्स (अट खरी असेल तर हे, नाहीतर ते) झालं की मी हाच प्रोग्राम लिहायला देते: पाण्याची पातळी विचारा आणि त्यानुसार ‘इशारा’ किंवा ‘धोका’ छापा. एका मुलाने या विषयावरचे चार व्हिडिओ बघितले होते. त्याने पहिली अट लिहिली, पातळी ४० किंवा त्याहून जास्त असेल तर ‘इशारा’. त्याखाली एलिफ (‘नाहीतर, जर’) टाकून ४५ किंवा जास्त असेल तर ‘धोका’. ४२ घालून पाहिलं, ‘इशारा’ आलं, खूश झाला. मी म्हटलं, आता २०१९ चा आकडा घाल. त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. त्याने ५७ टाकलं आणि स्क्रीनवर पुन्हा ‘इशारा’.

तो बराच वेळ नुसता बघत राहिला. मग त्याने वहीवर ५७ लिहिलं आणि एकेका ओळीवर बोट ठेवून खाली यायला लागला. पहिल्याच ओळीवर बोट थांबलं. ५७ हे ४० पेक्षा मोठं आहेच, मग प्रोग्राम दुसऱ्या अटीकडे जाणार कशाला? त्याने ४५ ची अट वर घेतली आणि ‘धोका’ आलं. त्याचं घर गावभागात आहे, २०१९ ला घरात पाणी होतं. ५७ फुटांना ‘इशारा’ छापणारा प्रोग्राम किती चुकीचा आहे हे त्याला वेगळं सांगावं लागलं नाही.

व्हिडिओ बघायचेच असतील तर पाच-सात मिनिटं बघा, खिडकी बंद करा आणि आठवून लिहा. अडलात तरी लगेच परत उघडू नका, आधी वहीवर एकेक ओळ स्वतः चालवून बघा.

४. पुस्तक कादंबरीसारखं पान एकपासून वाचायचं का?

पहिले चार-पाच धडे हो, एकही पान न सोडता. पण कॉम्प्युटर समोर ठेवून वाचा, आणि पुस्तकातला प्रत्येक प्रोग्राम हाताने टाइप करा. कॉपी-पेस्ट करू नका. टाइप करताना सेमीकोलन राहतो, कंस उलटा पडतो, आणि एरर वाचायची सवय तिथेच लागते. चालला की त्यात एक गोष्ट बदला आणि चालवण्याआधी काय छापलं जाईल ते पेन्सिलीने समासात लिहा. (वाचनालयाचं पुस्तक असेल तर वहीत.) धड्याअखेरचे प्रश्न सोडून पुढे गेलात तर पुस्तक वाचूनही प्रश्न ३ मधलीच अवस्था होते.

५. माझ्या मामांचं जुनं पुस्तक घरात आहे. ते चालेल का?

विषय कुठला आणि आवृत्ती कधीची, यावर ते ठरतं. पहिलं पान उलटा, मागच्या बाजूला आवृत्तीचं वर्ष असतं.

काही विषय हळू बदलतात. कर्निघन आणि रिची यांचं सी भाषेवरचं पुस्तक १९७८ चं, दुसरी आवृत्ती १९८८ ची, आणि त्यातला पॉइंटरचा धडा आजही उपयोगी आहे. डेटाबेसची रिलेशनल मांडणी एडगर कॉड यांनी १९७० मध्ये दिली, टेबलं कशी तोडायची आणि जोडायची हे तेव्हापासून तेच आहे. डेटा स्ट्रक्चर, अल्गोरिदम, ऑपरेटिंग सिस्टिमची तत्त्वं या विषयांची पंधरा-वीस वर्षं जुनी पुस्तकं मिळाली तरी आनंदाने घ्या.

पायथनचं जुनं पुस्तक मात्र तपासून घ्या. पायथन २ चा अधिकृत आधार, म्हणजे चुकांची दुरुस्ती, १ जानेवारी २०२० ला बंद झाला. पुस्तकात प्रिंटच्या पुढे कंस नसेल तर ते पायथन २ चं आहे. तिथे निदान एरर तरी येते. भागाकाराचं तसं नाही. पायथन २ मध्ये ७ भागिले २ केलं की ३ येतं, पायथन ३ मध्ये ३.५. प्रोग्राम तक्रार न करता चालतो, फक्त उत्तर पुस्तकापेक्षा वेगळं येतं, आणि मूल समजतं की आपलंच काहीतरी चुकलं.

सी++ च्या पुस्तकात आयओस्ट्रीमच्या पुढे ‘डॉट एच’ दिसलं, तर ते १९९८ च्या प्रमाणीकरणाआधीच्या पद्धतीचं आहे. जावास्क्रिप्टच्या पुस्तकात लेट आणि कॉन्स्ट कुठेच नसेल, सगळीकडे व्हार असेल, तर ते बहुधा २०१५ च्या आधीचं.

व्हिडिओही असेच जुने होतात. तिथे तारीख खाली बारीक अक्षरांत असते आणि वर ‘संपूर्ण कोर्स’ असं मोठं लिहिलेलं असतं. आधी तारीख बघा.

६. कॉलेजमध्ये चालणारा सीचा प्रोग्राम घरी चालत नाही, किंवा उत्तर वेगळं येतं. कॉम्प्युटर बिघडलाय का?

कॉम्प्युटर ठीक आहे. कॉलेजच्या लॅबमध्ये अजून टर्बो सी हा जुना कंपायलर (कोड मशीनच्या भाषेत बदलणारा प्रोग्राम) असेल. ती निळी स्क्रीन मीही वापरली आहे, आणि तिने मला सी शिकवलं हे खरं आहे. पण ती डॉसच्या काळातली आहे. त्यातलं कॉनिओ हेडर आणि स्क्रीन पुसण्याची आज्ञा घरच्या जीसीसी या मोफत कंपायलरला सहसा माहीत नसते. त्या दोन्ही ओळी काढून टाका, आणि मेनच्या आधी व्हॉइड असेल तर तिथे इंट लिहा.

उत्तर वेगळं येण्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. टर्बो सीमध्ये इंट (पूर्णांक ठेवायचा प्रकार) दोन बाइटचा असतो, त्यात ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. २०० गुणिले २०० करून इंटमध्ये ठेवा: टर्बो सी उणे २५,५३६ दाखवतं, घरचा जीसीसी ४०,००० दाखवतो. ४०,००० मधून ६५,५३६ वजा करून बघा, म्हणजे उणे कुठून आलं ते कळेल. ‘इंटचा आकार कंपायलरवर अवलंबून असतो’ हे वाक्य पुस्तकात असतंच, पण दोन्ही उत्तरं शेजारी-शेजारी बघितली की ते विसरत नाही.

७. माझं इंग्रजी कच्चं आहे. मराठीत काही आहे का?

आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरिअल प्रकल्पाचे सी, लिनक्स वगैरे विषयांचे धडे मराठी आवाजात मोफत मिळतात. एकेक धडा साधारण दहा मिनिटांचा असतो. ऐकताना सोबत स्वतः करत जायचं, अशीच त्यांची रचना आहे. तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद असलेल्या एआयसीटीईच्या ई-कुंभ पोर्टलवर डिप्लोमा आणि डिग्रीची पाठ्यपुस्तकं मराठीसह भारतीय भाषांत मोफत उतरवता येतात.

तरीही इंग्रजीपासून पळून चालणार नाही, कारण एरर इंग्रजीतच येते. पण प्रोग्रामिंगचं इंग्रजी फार थोडं आहे. डिफाइन, अनडिफाइन्ड, एक्स्पेक्टेड, मिसिंग, रिटर्न, इनव्हॅलिड, स्कोप असे चाळीस-पन्नास शब्द पुन्हा पुन्हा येतात. वहीच्या शेवटच्या पानावर दर आठवड्याला आलेल्या एरर लिहा आणि शेजारी आपल्या मराठीत अर्थ लिहा. तासगावजवळच्या गावातून येणाऱ्या, मराठी माध्यमात शिकलेल्या एका मुलीने असं एका सत्रात केलं. आता ती बाकीच्यांच्या एरर वाचून देते.

८. प्रोग्राममध्ये मराठी नावं वापरता येतात का? लांबी चुकीची का येते?

पायथन ३ मध्ये व्हेरिएबलला ‘पातळी’ असं नाव देता येतं आणि ते चालतं. इफ, फॉर हे शब्द मात्र इंग्रजीच लागतात. देवनागरी अंकांचं थोडं निराळं आहे. वापरणाऱ्याने ‘४५’ टाइप केलं आणि तुम्ही ते इंटमध्ये बदललंत तर पायथन बरोबर पंचेचाळीस घेतं, पण कोडमध्ये थेट ४५ असं देवनागरीत लिहिलंत तर एरर येते.

आता लांबी. ‘मिरज’ डोळ्यांना तीन अक्षरं दिसतात, पायथनचं लेन (लांबी मोजायची आज्ञा) चार सांगतं, कारण म आणि ऱ्हस्व वेलांटी ही दोन वेगळी चिन्हं म्हणून साठवलेली असतात. ‘सांगली’ची लांबी सहा येते. सीमध्ये यूटीएफ-८ (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) वापरून मोजलं तर अठरा, कारण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. ‘मिरज’ उलटं करायला सांगितलं तर ‘जरिम’ येतं, वेलांटी म सोडून र वर जाऊन बसते. इंग्रजी पुस्तकांतल्या शब्द उलटा करण्याच्या उदाहरणांत हे सहसा येत नाही, कारण तिथले शब्द इंग्रजी असतात. इथे ऑनलाइनच शोधावं लागतं: ‘ग्राफीम क्लस्टर’ (डोळ्यांना दिसणारं अख्खं अक्षर) या नावाने शोधा. पायथनसाठी रेगेक्स नावाचं वेगळं मॉड्यूल मिळतं, ते अख्खी अक्षरं वेगळी काढून देतं.

मराठी नावांच्या याद्या, सात-बारा, पावत्या यांचे प्रोग्राम आपल्यालाच लिहायचे आहेत, म्हणून हे लवकर शिका असा माझा आग्रह आहे.

९. सांगली-साताऱ्यात चांगली पुस्तकं मिळतात का?

पाठ्यपुस्तकं आणि परीक्षेची गाइडं कॉलेजजवळच्या दुकानांत मिळतात. त्यापलीकडचं पुस्तक बहुतेक वेळा मागवावं लागतं. पुण्याला जाणं होत असेल तर अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं बघा, पण प्रश्न ५ डोक्यात ठेवून. परदेशी पुस्तकांची स्वस्त भारतीय आवृत्ती निघते का हे आधी विचारा, किमतीत खूप फरक असतो.

वाचनालयात कॉम्प्युटरचं कपाट छोटं असतं. २०१९ च्या पुरात सांगलीच्या नगर वाचनालयाची हजारो पुस्तकं पाण्यात गेली, आणि अशी महाग पुस्तकं पुन्हा भरणं कुठल्याच वाचनालयाला सोपं नाही. म्हणून एक विनंती: तुमचं वाचून झालेलं, अजून उपयोगी असलेलं पुस्तक वाचनालयाला द्या. आम्ही आमच्यात चार-पाच जण मिळून एक पुस्तक घेतो आणि महिन्याला फिरवतो.

१०. टेलिग्रामवर पीडीएफ फुकट मिळते. काय हरकत आहे?

चोरीची प्रत आहे, ही हरकत आहे. लेखकाने दोन-तीन वर्षं घालून ते लिहिलेलं असतं. आणि गरजही नाही. अनेक लेखक आपलं पुस्तक स्वतःच्याच साइटवर मोफत वाचायला ठेवतात, आणि बहुतेक भाषांची अधिकृत शिकवणी मोफत असते. माझ्या अनुभवात, ज्याच्या मोबाइलमध्ये दोनशे पीडीएफ असतात त्याचं एकही पुस्तक तिसऱ्या धड्यापुढे गेलेलं नसतं.

११. गावात रेंज नाही, लाईटही जाते. ऑनलाइन कसं शिकणार?

पाटण, जावळी, शिराळ्याकडून हा प्रश्न नेहमी येतो. अशा ठिकाणी छापील पुस्तकाला तोड नाही. सोबत तालुक्याला आलात की काही गोष्टी उतरवून घ्या. पायथनची संपूर्ण अधिकृत माहिती त्यांच्याच साइटवरून एका झिप फाइलमध्ये मिळते. झील नावाचा मोफत प्रोग्राम टाकला तर बऱ्याच भाषांची माहिती नेटशिवाय शोधता येते. आयआयटी वगैरे संस्थांच्या एनपीटीईएल प्रकल्पाची व्याख्यानंही उतरवता येतात. आणि पायथनमध्ये हेल्प लिहून कंसात कशाचंही नाव टाकलं तर तिथल्या तिथे माहिती दिसते, त्याला नेट लागतच नाही.

१२. लॅपटॉप नाही, फक्त मोबाइल आहे. पुस्तक घेऊन उपयोग काय?

उलट मोबाइलवाल्याला पुस्तकाचा उपयोग जास्त. एकाच छोट्या स्क्रीनवर धडाही वाचायचा आणि कोडही लिहायचं यात दम लागतो. पुस्तक शेजारी उघडं ठेवा आणि मोबाइलवर पायड्रॉइडसारखं अ‍ॅप टाकून लिहा. ओटीजी जोडणीने साधा यूएसबी कीबोर्ड बहुतेक अँड्रॉइड फोनला लागतो. वेबसाइट किंवा मोठा प्रकल्प करायची वेळ आली की मात्र कॉम्प्युटर लागेल. तोपर्यंत कॉलेजची लॅब रिकामी कधी असते ते विचारून ठेवा.

१३. मुलाला एका ऑनलाइन कोर्सवाल्यांचा फोन येतोय. फी मोठी आहे, हप्ते करून देतो म्हणतात. घ्यावा का?

हा प्रश्न आई-वडील विचारतात, म्हणून त्यांच्यासाठी लिहिते. ‘हप्ते’ म्हणजे बऱ्याचदा तुमच्या नावावर काढलेलं कर्ज असतं. आमच्या शेजारच्या घरात हे घडलं. मुलाने दुसऱ्या महिन्यात कोर्स सोडला, पण हप्ते वडिलांच्या खात्यातून कापले जात राहिले, कारण कर्ज दुसऱ्याच वित्तसंस्थेचं होतं आणि कोर्सवाले हात वर करून मोकळे झाले. फोनवर कुठलाही ओटीपी देऊ नका. आधार-पॅन मागितलं तर कशासाठी, ते लेखी मागा.

फी भरण्याआधी मुलाला तोच विषय मोफत साधनांवर सहा आठवडे करू द्या. सहा आठवड्यांनंतरही तो रोज बसत असेल, तर पैसे देऊन कुणाकडून कोड तपासून घेण्यात अर्थ आहे. पैसे खरे त्या तपासणीचे असतात, व्हिडिओ फुकटही मिळतात.

१४. एमएस-सीआयटी झालंय. पुढे प्रोग्रामिंग जमेल का? सर्टिफिकेट कुठलं घेऊ?

एमएस-सीआयटीत कॉम्प्युटर वापरायला शिकवतात, प्रोग्रामिंग वेगळं. पण कीबोर्ड आणि फाइलींची भीती गेलेली असते, तेवढा फायदा नक्की. सर्टिफिकेट हवंच असेल तर स्वयम् (केंद्र सरकारचं ऑनलाइन शिक्षणाचं पोर्टल) आणि एनपीटीईएलचे कोर्स मोफत आहेत, परीक्षेची फी भरून प्रमाणपत्र मिळतं.

१५. रिअ‍ॅक्ट किंवा अँग्युलरसाठी कुठलं पुस्तक घेऊ?

पुस्तक घेऊ नका. ही दोन्ही वेबपानं बनवायची जावास्क्रिप्टची तयार साधनं आहेत, आणि प्रश्न १ च्या उत्तराला हा सरळ अपवाद आहे. रिअ‍ॅक्टमध्ये हुक्स नावाची नवी सोय फेब्रुवारी २०१९ मध्ये आली आणि लिहिण्याची पद्धतच बदलली. २०१८ चं पुस्तक क्लास शिकवतं, आजचं अधिकृत पान फंक्शन शिकवतं. अँग्युलरजेएस आणि अँग्युलर या तर दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्याचा आधार २०२१ अखेर बंद झाला, तरी सेकंडहँड दुकानात त्याची जाडजूड पुस्तकं अजून दिसतात. अशा विषयांना अधिकृत साइटवरची माहिती वाचा. मात्र त्याखालची जावास्क्रिप्ट पुस्तकातूनच पक्की करा, ती इतक्या वेगाने बदलत नाही.

१६. आता एआय कोड लिहून देतं. मग एवढं सगळं कशाला?

मी कामात रोज एआय वापरते. त्याने दिलेल्या कोडमध्ये प्रश्न ३ सारखी अटींची उलटापालट असेल तर ती ओळखायला आपण ती चूक आधी स्वतः केलेली असावी लागते. शिवाय ते कधीकधी लायब्ररीत (तयार कोडच्या संचात) नसलेलं फंक्शनही असल्यासारखं लिहून देतं. म्हणून नाव अधिकृत माहितीत आहे का, ते पाहिल्याशिवाय वापरू नका.

शिकताना त्याचा एक उपयोग मला फार आवडतो. पुस्तकातला परिच्छेद तीनदा वाचून कळला नाही, तर तो देऊन ‘मराठीत, दुसरं उदाहरण घेऊन समजाव’ म्हणा. उत्तर वाचून परत पुस्तकाच्या त्याच पानावर या. पहिले तीन-चार महिने कोड मात्र त्याच्याकडून लिहून घेऊ नका.

१७. माझ्या भावाला दिसत नाही. त्याला शिकता येईल का, आणि कशातून?

येईल. इथे छापील पुस्तक बाजूला ठेवायचं. स्कॅन केलेली पीडीएफही नको, कारण ती नुसती चित्रं असतात आणि वाचून दाखवणारा प्रोग्राम त्यातलं काही वाचू शकत नाही. वेबपानांच्या रूपातली अधिकृत माहिती सगळ्यात सोयीची, त्यात मथळ्यावरून मथळ्यावर उडी मारता येते. एनव्हीडीए हा विंडोजवरचा वाचक-प्रोग्राम मोफत आहे आणि त्यासोबत येणारा ईस्पीकचा आवाज मराठीही वाचतो.

पायथनमध्ये ओळ किती आत सरकवली आहे यावर अर्थ ठरतो, त्यामुळे ती त्याला जमणार नाही असं लोक सांगतात. एनव्हीडीएच्या डॉक्युमेंट फॉरमॅटिंगच्या सेटिंगमध्ये ओळीचं इंडेंटेशन आकड्याने किंवा स्वराने सांगायची सोय आहे. स्वर निवडला की ओळ जितकी आत, तितका सूर बदलतो. रविवारी त्याला घेऊन या, ती सेटिंग सोबत बसून लावून देते.